उतू न जाणारं पाणी

उडुवेला, १२ मार्च

श्रीमान टी. बी. एकनायके,
मालक, निर्वाणद्वार पुष्पशाला, कुरुनेगल यांस,

तुला फोन करत नाही. तुझ्या फोनवर आधी भिक्खूंचा परित्त-पाठ लागतो आणि पाठोपाठ एक बाई लाडे लाडे सांगते की शेवटचा प्रवास आमच्यावर सोपवा. माझा अजून निघायचा विचार नाही. म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे.

काल पुंचीराळ मामांना पोचवलं. तुझी चार माणसं आली होती, पांढरे हातमोजे घालून. तू आला नाहीस. शेजारच्या घरचं मरण, लहानपणी ज्यांच्या फणसाच्या झाडावर तू दिवस काढलेस त्या माणसाचं मरण, पण मोठ्या दुकानदारानं गल्ल्यावरून उठायचं नसतं. असो. तुझ्या माणसांनी आम्हाला रांगेत बसवलं. रडणाऱ्यांना पुढच्या खुर्च्या, न रडणाऱ्यांना मागच्या. मी मागे बसले.

भन्तेंनी पाठ सुरू केला तशा मामांच्या तिन्ही लेकी झारी उचलायला उठल्या. तुझा हातमोजेवाला म्हणाला, "ठेवा ते, अक्के. सोय केलीय." आणि त्यानं टेबलावर पितळेचं एक कमळ ठेवलं, खाली वाटी, आत निळे दिवे. बटण दाबलं. कमळातून पाणी आलं आणि वाटीत पडायला लागलं. तिघी हात जोडून उभ्या राहिल्या, बसच्या थांब्यावर राहतात तशा.

मी वाटीकडे बघत होते. पाठ संपत आला तरी वाटी भरेना. मला वाटलं, तळाला भोक आहे. पाठ संपल्यावर त्या माणसाला विचारलं. तो छाती फुगवून म्हणाला, "आतल्या आत फिरतं, अम्मे. एक थेंब बाहेर जात नाही. टेबलसुद्धा ओलं होत नाही."

तिकिरी बंडा, तू याच घरात वाढलास ना? पाणी ओततात ते वाटी भरून उतू जावं म्हणूनच. भरल्या नद्या समुद्राला मिळतात, तसं इथं दिलेलं पुण्य गेलेल्याला मिळतं, असं भन्ते म्हणत असतात. तोवर घरच्या सगळ्यांनी एका झारीला हात लावायचा, ज्याचा हात पोचत नाही त्यानं पुढच्याच्या कोपराला लावायचा, आणि धार तुटू द्यायची नाही. हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. तू मात्र असं यंत्र काढलंस की पुण्य बिचारं कमळातून वाटीत आणि वाटीतून कमळात. पुंचीराळ मामा अजून तिथंच गरगर फिरत असतील.

लोक म्हणतात, तू मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस. मी म्हणते, खा बापडा, तुझं पोट त्यावर आहे. पण मढ्याला मिळायचं पाणी तरी अडवू नकोस.

आणि हो, बसस्टँडवरचा फलक अजून तिथंच आहे. माझे मालक गेले तेव्हा तू सगळं फुकट केलंस, मी सगळ्यांना सांगत सुटले की माझा भाऊ सोन्यासारखा आहे. मग फलक लागला. नवरा गेला त्या दिवशीचं माझं थोबाड, नाकातून पाणी, हातात झारी, आणि खाली लिहिलंय, ‘तुमचं दुःख, आमची जबाबदारी.’ मी भाजी घ्यायला गेले की भाजीवाली एकदा माझ्याकडे बघते, एकदा फलकाकडे. दोन वर्षं झाली. ऊन-पावसानं रंगसुद्धा उडत नाही मेला.

अम्मा बरी आहे. तुझी चौकशी करते. मी म्हणते, धंदा छान चालला आहे.

बिसो मेणिके
(अजून जिवंत)


उडुवेला, २९ मार्च

मालक,

मी पत्र लिहिलं आणि तू मला पुस्तिका पाठवलीस. चकचकीत कागद, प्रत्येक पानावर फुलं. एक ओळ हातानं लिहायला तुझी बोटं झिजली असती का?

ती नेमकी अम्माच्या हातात पडली. गेल्या पावसाळ्यापासून ती अंथरुणाला आहे, डोळे अधू झालेत, पण रंगीत चित्रं दिसतात. म्हणाली, "वाच." मी वाचलं. मरणाचे तीन दर्जे, ‘बोधि’, ‘तुषित’ आणि ‘निर्वाण’. ‘बोधि’ म्हणजे साधी पेटी, साधी गाडी. ‘तुषित’ म्हणजे देवांचा स्वर्ग, त्यात काचेची गाडी आणि हातमोजेवाले. ‘निर्वाण’मध्ये त्यावर लाकडी हंसांची जोडी आणि परदेशातल्या नातेवाइकांना मोबाइलवर सगळं बघायची सोय. भगवंतांना जे मिळवायला किती जन्म लागले, ते तू हंसांसकट विकायला ठेवलंस.

मी हे हसायला वाचत होते. अम्मा गंभीर झाली. म्हणाली, "मला तुषित घ्या."

"काय?"

"निर्वाणात कुणी ओळखीचं नसणार. तुषितात तुझे तात्ता असतील, पुंचीराळ असेल. आणि काचेची गाडी आहे ना? मग लोकांना मी दिसेन."

मी म्हटलं, "अम्मे, लाज वाटते का काही? आयुष्यभर गावातल्या प्रत्येक मरणाला तू चहाची चूल सांभाळलीस. मरणाधार समितीची माणसं तुला खांद्यावरून नेतील. तात्तांना नेलं तसं."

"कोण नेईल? कीर्तिसिरी? त्याला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. समितीत सगळे म्हातारे, पोरं सगळी परदेशात. पाडतील मला भाताच्या खाचरात." मग जरा दम घेऊन म्हणाली, "मी दुसऱ्यांच्या मरणात जन्मभर धूर खाल्लाय, बिसो. पातेली घासलीत. माझ्या मरणात मला हातमोजेवाले पाहिजेत."

शाब्बास. जन्मदात्या आईला गिऱ्हाईक केलंस, तेही घरबसल्या. मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. तिच्यावर चिडले होते की तुझ्यावर, मला सांगता यायचं नाही. संध्याकाळी पेज भरवताना तिनंच विषय काढला. तिनं जे सांगितलं ते तुला कळवायचं म्हणाली, म्हणून कळवते.

"सगळं बंडाच्या दुकानातलं चालेल, पण पाणी त्या कमळाचं नको. ते म्हणे उतू जात नाही. पाणी तू आणि बंडानं ओतायचं. दोघांनी, एक झारी धरून. तुमचं काय भांडण असेल ते असो. आणि धार तुटली तर बघा, मी उठून बसेन."

एवढं बोलून स्वतःच हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. तिला तिच्या मरणाची भीती नाही. तिला एवढीच भीती आहे की आपण दोघं एका टेबलापाशी उभे राहणार नाही. ती तसं म्हणाली नाही, पण मी तिला ओळखते.

माझं विचारशील तर तुझ्याबरोबर झारीच काय, बादलीसुद्धा धरायची माझी इच्छा नाही. पण तिचा शब्द आहे.

बिसो मेणिके


उडुवेला, १७ एप्रिल

मालक,

नव्या वर्षाला आलास, उपकार झाले. गाडी दाराशी लावलीस तेव्हा मागच्या काचेवर पुष्पशालेचं नाव आणि नंबर बघून शेजारची सुमना धावत आली, "अम्मा गेल्या की काय!" सणाच्या दिवशी दारात ही शोभा. दुसरी गाडी नव्हती का तुझ्याकडे?

अम्माच्या पाया पडलास तेव्हा तुझी नजर तिच्या डोक्यापासून पायापर्यंत गेली. मी पाहिलं. तिनंही पाहिलं. "माप घेतोस काय रे? मी आता आखडलेय, लाकूड कमी लागेल," म्हणाली. तू हसलास. मला हसू आलं नाही. माणूस धंद्यात मुरतो म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

मग चुलीपाशी आपलं झालं ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण तू जाऊन बायकोला भलतंच सांगितलं असशील.

मी एवढंच म्हटलं की ते कमळ विकणं बंद कर. तू म्हणालास, "अक्के, लोक मागतात म्हणून विकतो. माझ्याकडे येणारी निम्मी घरं एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊ एका खोलीत, बहीण दुसऱ्या. झारी कुणी धरायची यावरून मढ्यासमोर भांडतात. मी बटण दिलं, भांडण मिटलं."

मी म्हटलं, "भांडण मिटलं नाही. तू त्याला पितळ चढवलंस."

मग तू माझ्या पोरांवर गेलास. "तुझ्या दोघांनी धरली का झारी? कोरियात बसून फोनवर बघत होती. तू एकटी उभी होतीस. हात असे लटलट कापत होते. वाटी भरावी म्हणून भन्ते पाठ लांबवत होते आणि एक माणूस पुढे येईना. मी तिथंच ठरवलं, अशी पाळी पुन्हा कुणाच्या अक्कावर येऊ द्यायची नाही. तुझ्यामुळे केलंय ते कमळ."

माझ्या पोरांना कारखान्यातून सुटी मिळाली नाही. हे तुला माहीत आहे. तरी बोललास.

मी विचारलं, "मग तूच का नाही आलास पुढे?"

तू खाली बघितलंस. मग म्हणालास, "मी गाडीचं बघत होतो."

"आणि फोटो?"

"फोटो हा धंदा आहे, अक्के."

मी तुला पातेलं फेकून मारलं नाही, कारण त्यात सणाचा दूधभात होता. बहिणीचे हात कापताना दिसले, डोळ्यांत पाणीही आलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण ते हात धरायचे सोडून तू यंत्र करायला टाकलंस. आणि हात कापतानाचं चित्र स्टँडवर लावलंस. एवढं उफराटं डोकं आपल्या घराण्यात कुणाचंच नव्हतं. तात्ता साधे सुतार होते, पण वाकडी फळी हाताला लागली की ओळखायचे.

तू गेल्यावर अम्मानं विचारलं, "भांडलात?" मी म्हटलं, "नाही. पेटीच्या लाकडाबद्दल बोलत होतो." तिला ते पटलं नाही. आता ती भात खात नाही, फक्त पेज घेते.

बिसो मेणिके


उडुवेला, २३ मे

मालक,

तू काल तिथंच होतास, तरी लिहिते. तुझं लक्ष पाहुण्यांत होतं, काय झालं ते तुला दिसलं नसेल.

काचेची गाडी छान होती. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. त्यांतली निम्मी अम्माला ओळखत नव्हती, गाडी बघायला आली होती. अम्माला आवडलं असतं, त्याबद्दल वाद नाही. कडेच्या झाडांना पांढऱ्या पताका नेहमीसारख्या समितीच्या म्हाताऱ्यांनी बांधल्या. तुझ्या माणसांनी त्यांच्यावरून तुझ्या नावाच्या पताका लावल्या. शिडीवरून उतरायला कीर्तिसिरीला किती वेळ लागला ते मी बघितलं.

भन्तेंना द्यायचं पांढरं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं आणि पिशवीवर तुझा फोन नंबर होता. मेलेल्याच्या अंगावरची, उकिरड्यावर टाकलेली चिंधी भिक्खूनं उचलावी आणि धुऊन नेसावी, यावरून ते कापड आलं म्हणे. आता भिक्खूंनाही चिंधी नंबरासकट मिळते. देवमित्त भन्तेंनी ती उलटी ठेवली. त्यांची गाडी बाहेर इंजिन चालू ठेवून उभी होती, पुढचं मरण दुपारी होतं. तेही तुझंच गिऱ्हाईक, असं ऐकलं.

मग पाठ सुरू झाला. मी अम्माची मातीची झारी आणून ठेवली होती. तू धरलीस, मी धरली. पाणी पडायला लागलं. वाटी अर्धीही झाली नव्हती आणि झारी तुझ्या हातून कलंडली. धार तुटली. भन्ते एका शब्दावर अडले. तुझ्या हातमोजेवाल्यानं क्षण दवडला नाही, खिशातून काढावं तसं कमळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. भन्ते पुढे म्हणायला लागले. मागे बायका कुजबुजल्या, "बघ, किती एकसारखी धार!"

अम्मा म्हणाली होती, उठून बसेन. मी पेटीकडे बघितलं. तुझी पेटी मजबूत आहे. तू बटण बंद कर म्हणाला नाहीस. मान खाली घालून उभा राहिलास, त्या दिवशी चुलीपाशी राहिलास तसा. एक शब्द पुरला असता.

तिनं आयुष्यात आपल्याकडे दुसरं काहीही मागितलं नव्हतं. तुझ्यामुळे माझी आई निळ्या दिव्याच्या वाटीत फिरत राहिली. तुला झोप लागली असेल, तर तुझ्या गाद्याही चांगल्या असतील.

बिसो मेणिके


उडुवेला, २४ मे

मल्ली, माझ्या धाकट्या भावा,

कालचं पत्र तुला मिळालं असेल. हे त्याच्या मागोमाग पाठवते आहे.

आज सकाळी कीर्तिसिरी समितीच्या खुर्च्या घेऊन आला, परवाच्या सातव्या दिवसाच्या दानासाठी. दोन खुर्च्या आणल्या आणि तिसरीवर बसून धापा टाकत राहिला. मी चहा दिला. मी त्याच्याजवळ तुला शिव्या घालायला लागले, झारी, कमळ, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग ताडगुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाला, "बिसो, बंडानं झारी नाही सोडली. आम्ही समोरच बसलो होतो."

मी म्हटलं, "तुला दिसत नाही धड."

"मला दूरचं दिसतं. जवळचं दिसत नाही," म्हणाला. आणि गेला बाकीच्या खुर्च्या आणायला.

तेव्हा आता ऐक. झारी मी सोडली.

तुझा तो फोटोवाला वाकून पुढे आला. मला पुन्हा तो फलक दिसला, स्टँड दिसला, भाजीवाली दिसली. पण खरं सांगायचं तर एवढंच झालं नाही. तू त्याला म्हणालास, "मागे हो. माझी आई आहे ती." दबक्या आवाजात म्हणालास, पण मी ऐकलं. तुझा हात माझ्या हाताला लागून होता, थंडगार, ओला, आणि कापत होता. तू रडत होतास. आणि मी सगळं ऐकून, सगळं कळून, हात काढून घेतला.

का काढला ते मी रात्रभर स्वतःला विचारते आहे. दोन वर्षं मी तुझा राग पोसला, दूध-भात घालून पोसला. तू एवढ्या सहजी पुन्हा माझा भाऊ झालास तर त्या रागाचं मी काय करायचं, असं काहीतरी मनात आलं. माझ्या दुःखाच्या दिवशी तू गाडीचं बघत होतास, आता तुझ्या दुःखाच्या दिवशी मी हात काढून घेते, बस म्हणावं एकदा. फिटंफाट. मेलेली मात्र आपल्या दोघांची आई होती.

तू म्हणतोस त्या निम्म्या घरांत आपलं घर आहे. ते कमळ आपल्यासारख्यांसाठीच आहे. म्हणून ते चांगलं ठरत नाही, हे नीट लक्षात ठेव. तुझं दुकान मला आजही किळसवाणं वाटतं. ‘तुषित’ आणि हंस आणि पिशवीवरचा नंबर, सगळं. फलक काढलास तर बरं, नाही काढलास तर मी एक दिवस शेण घेऊन जाणार आहे. माफी मागायला मी हे लिहीत नाही, आणि तुझीही मला नको.

पण पाणी राहिलं आहे. मी देवमित्त भन्तेंना निरोप पाठवून विचारलं, तुटलेली धार पुन्हा ओतता येते का. ते म्हणाले, सातव्या दिवशी ओततातच, पण दोघांनी मिळून ओता. आणि म्हणाले, या वेळी गाडी चालू ठेवणार नाही. त्यांनाही कमळ पाहून काहीतरी झालं असावं. नाही तर पेट्रोल महाग झालं असेल.

परवा सकाळी ये. एकटा ये. हातमोजे, फोटो, ती मागच्या काचेवर नंबर असलेली गाडी, काहीही नको, सकाळच्या बसनं ये. विहिरीचं पाणी मी भरून ठेवते. तू झारीचा कान धर, मी तळाला हात लावते, या वयात आता माझ्या बोटांनी कान धरवत नाही. बोलायचं नाही. वाटी भरेल, ताटात सांडेल, ताटातून टेबलावर, टेबलावरून माझ्या साडीवर. सांडू दे. मी ‘पुरे’ म्हणाले तरी थांबायचं नाही. भन्ते थांबतील तेव्हा थांबायचं.

नाही आलास तर मी एकटी ओतीन, हात कापले तरी. आणि अम्माला सांगीन की बंडा गाडीचं बघतोय. तिला ते लगेच पटेल.

अक्का